नमुन्याचा डोळा

डोळेवाल्यांना कुणी शहाणपणा शिकवलेला खपत नसे. तीस वर्षं ते खोटे डोळे बनवत होते, आणि त्यांच्या हातचा एकही डोळा कधी परत आलेला नव्हता, ही गोष्ट ते नवीन गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत सांगून टाकत. नेत्र-रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून गेलं की त्यांची खोली लागे. पुढच्या दारानं माणूस आत जाई तो दोन डोळे घेऊन, बाहेर येई तो एक घेऊन, आणि दीडदोन महिन्यांनी जखम भरली की मागच्या दारानं डोळेवाल्यांकडे येई.

काम असं होतं. आधी रिकाम्या खोबणीचा साचा घ्यायचा. त्यावरून पांढऱ्या प्लास्टिकचा डोळा ओतायचा. मग गिऱ्हाइकाला खिडकीशी बसवून त्याच्या शिल्लक डोळ्याकडे बघत बघत बुबुळ रंगवायचं, पांढऱ्या भागावर तांबड्या रेशमाचे तंतू चिकटवून शिरा काढायच्या, आणि वरून पारदर्शक थर चढवून तो उकळत्या पाण्यात पक्का करायचा. रेशमाचे तंतू बायको पुरवी. ती घरी शिवणकाम करायची. रेशमाचा धागा उलगडून त्यातून केसाहून बारीक तंतू वेगळे काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

बुबुळ रंगवायला दोन तास लागत. दोन तास गुडघ्याला गुडघा लावून बसलं की माणूस आपोआप बोलायला लागतो, त्यामुळे डोळेवाल्यांनी ऐकलं नाही असं काही उरलं नव्हतं. एका आईनं सांगितलं होतं, घरगुती समारंभाच्या फोटोत सगळ्या पोरांच्या डोळ्यांत तांबडा ठिपका आलेला, तिच्या मुलीच्या एकाच डोळ्यात पांढरा. फोटोवाला म्हणाला कॅमेऱ्याची चूक, आणि तिनं ते वर्षभर खरं मानलं. एका गवंड्याला डोळ्याच्या कडेला विजा चमकताना दिसायच्या, तर त्या शहाण्यानं घरातली सगळी वायरिंग बदलून घेतली. एका ग्रंथपाल बाईंना पानाच्या एका बाजूच्या ओळी दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी प्रकाशकाला कडक शब्दांत पत्र लिहिलं. आजार सगळ्यांचा एकच, डोळ्याच्या आतला कर्करोग. आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्यही एकच असे, "पण दुखत नव्हतं हो."

"दुखत नाही म्हणूनच जायचं असतं!" डोळेवाले म्हणत. "दुखलं असतं तर गाढवसुद्धा गेलं असतं." समोरच्याची हनुवटी त्यांच्या डाव्या हातात असे, त्यामुळे त्याला मान हलवून नाही म्हणायचीही सोय नसे.

टेबलावर निळ्या मखमलीच्या डबीत एक डोळा कायम ठेवलेला होता. तो विकायचा नव्हता, दाखवायचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी बायकोला समोर बसवून तिचा डावा डोळा जसाच्या तसा बनवला होता. तपकिरी बुबुळ, त्यात बाहुलीभोवती मधाच्या रंगाचं एक कडं, आणि त्या कड्यातून बाहेर धावणाऱ्या रेघा. अशा रेघा काढायला त्यांना पुढे कधी जमलं नाही, असं ते स्वतःच म्हणत. तेव्हा त्यांनी तिच्याकडे चार दिवस बघितलं होतं. त्यानंतरच्या वर्षांत इतका वेळ मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी गरज काय होती, डोळा डबीत होताच.

बायको दुपारी डबा घेऊन आली आणि खुर्चीत गिऱ्हाईक असलं, की तिची सुटका नसे. डोळेवाले तिला उजेडात उभी करत, नमुन्याचा डोळा तिच्या गालाशी धरत आणि विजयानं विचारत, "सांगा, खरा कुठला?" ती बिचारी डब्याची पिशवी हातात धरून उभी राही.

चारेक वर्षांपूर्वी अशाच एका गिऱ्हाइकानं घात केला. म्हातारे घड्याळजी होते, त्यांच्या शिल्लक एका डोळ्याची नजर दोन डोळ्यांइतकी तेज. ते म्हणाले, "खरा सांगतो की. बाईंच्या डोळ्यात खाली एक काळा ठिपका आहे. तुमच्या नमुन्यात नाही."

डोळेवाल्यांचा चेहरा पडला. ठिपका खरंच होता, बुबुळाच्या खालच्या काठाला चिकटलेला, खसखशीच्या दाण्याएवढा. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला दिव्याखाली बसवलं आणि मोजपट्टी काढली.

"अहो, हा आधी नव्हता ना?" तिनं विचारलं.

"तीळ असतो काहींना डोळ्यात. शोभतो तुला. हलू नकोस."

एक मिलिमीटर भरला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नमुन्यावरचा पारदर्शक थर घासून काढला, ठिपका रंगवला, नवा थर चढवला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं असतं तसं बायकोचंही एक कार्ड होतं, रंगांची प्रमाणं आणि मापं लिहिलेलं. त्यावर त्यांनी तारीख घालून लिहिलं, 'ठिपका, खाली, एक मि.मी.' आणि त्यांच्या जिवात जीव आला.

ठिपक्यात मात्र जीव आधीपासूनच होता. दोन वर्षांनी तो मोहरीएवढा झाला. नमुना पुन्हा चुकीचा ठरायला लागला, तेव्हा डोळेवाल्यांनी तो पुन्हा दुरुस्त केला. कार्डावर ओळ आली, 'दोन मि.मी., कड फुटलेली.' कड फुटलेली दाखवायला त्यांनी एका केसाचा ब्रश वापरला होता, आणि ते काम इतकं बेमालूम जमलं की त्यांनी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण मला अलीकडे त्या बाजूनं पडदा आल्यासारखं दिसतं. परवा बाहीला उलटी कड शिवली."

"चष्मा पूस."

"पुसते की रोज. एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवू का? जिना चढला की त्यांची खोली."

"मी काय मेलोय?" डोळेवाले म्हणाले. "तीस वर्षं डोळ्यांत घालवली मी. तिथं रांगेत ज्यांना खरोखर काही झालंय अशी माणसं बसलेली असतात. त्यांच्यात तू तीळ घेऊन जाणार?"

आपल्या नवऱ्याचं वरच्या मजल्यावर हसं होईल, इतकंच तिला त्यातून कळलं. ती गेली नाही. तिचंही चुकलंच, पण जिथं घरातला माणूसच डोळ्यांचा जाणकार म्हणून गावभर मिरवतो, तिथं तिनं आणखी कुणाला विचारायचं?

तिसऱ्या दुरुस्तीला त्यांना रेशीम लागलं. बायकोच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, ठिपक्याच्या बरोबर खाली, एक शीर चांगली ठसठशीत वर आली होती.

"या वेळी जरा जाड तंतू दे," ते म्हणाले.

"जाडच येतोय. बारीक सोडवायला आता दिसत नाही मला. कुणाच्या डोळ्याला?"

"तुझ्याच."

तिनं तंतू काढून कागदावर ठेवला आणि शिवणयंत्राकडे वळली. डोळेवाल्यांनी ती शीर नागमोडी चिकटवली. बाहुली आता गोल राहिली नव्हती, ठिपक्याच्या बाजूला ओढल्यासारखी झाली होती. त्यांनी तीही तशीच ओढलेली रंगवली. कार्डावर लिहिलं, 'साडेतीन मि.मी. बाहुली लंबगोल. शीर एक, जाड.' असा जिवंत डोळा आपल्या हातून पूर्वी कधी झाला नाही, असं त्यांना मनापासून वाटलं. ते खरंही होतं.

त्यानंतर पाचेक महिन्यांनी एक बसड्रायव्हर त्यांच्या खुर्चीत बसला. आडदांड, हसरा माणूस, उजव्या डोळ्यावर पट्टी. डोळेवाल्यांनी हनुवटी हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे चौकशी सुरू केली. कधी कळलं? काय दिसत होतं?

"आरशात दिसत होतं की, साहेब. बुबुळावर डाग होता. वाढत होता. पण दुखत नव्हतं."

"वाढत होता, तुम्हाला दिसत होता, आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

"हो."

"किती दिवस?"

"वर्षभर तरी."

"वर्षभर!" डोळेवाल्यांनी ब्रश खाली ठेवला. असं गिऱ्हाईक मिळालं की त्यांना चेव येई. "अहो, गाडीच्या काचेला तडा गेला तर वर्षभर बघत बसाल का? हा डोळा आहे! रंग बदलला, आकार बदलला, नवा डाग दिसला, की त्याच दिवशी उठून जायचं. मी इथं बसून रोज हेच सांगतो. लोकांना डोळे असतात, पण बघायची अक्कल नसते."

ड्रायव्हरनं सगळं मुकाट ऐकून घेतलं. त्याला राग आला नाही, बस चालवणाऱ्याला बोलणी खायची सवय असते. त्याची मनधरणी करावी म्हणून डोळेवाल्यांनी मखमलीची डबी उघडली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे बघा. तुमचा असा होईल."

ड्रायव्हरनं डबी खिडकीशी धरली. बराच वेळ बघितलं. मग जवळ नेऊन पुन्हा बघितलं.

"हा नको," तो म्हणाला.

"का? काय वाईट आहे?"

"हा तर माझाच आहे. काढायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्याचा मोठा फोटो दाखवला होता पडद्यावर. असाच डाग, खालून वर चढलेला. बाहुली अशीच वाकडी. आणि ही शीर. त्या म्हणाल्या होत्या, आतली गाठ स्वतःसाठी रक्त ओढून घेते, म्हणून ही एकटीच शीर फुगते." त्यानं डबी अदबीनं टेबलावर ठेवली. "कुणाचा काढला हा?"

"काढलेला नाही. माझ्या बायकोचा आहे."

"म्हणजे बाई..."

"घरी आहे. शिवतेय."

"आणि डोळा?"

"तिच्याच चेहऱ्यावर आहे."

ड्रायव्हर त्यांच्याकडे बघत राहिला. "मग साहेब," तो म्हणाला, "तुम्ही माझं काय घेऊन बसलाय?"

डोळेवाल्यांनी डबीकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना त्यात आपलं काम दिसलं नाही. टेबलाच्या काठावर ठेवलेल्या ब्रशमधून तपकिरी रंगाचा थेंब त्यांच्या पायजम्यावर पडला आणि तो पुसायचंही त्यांना सुचलं नाही. ते उठले, कार्डांच्या पेटीतून एक कार्ड काढलं, डबी खिशात घातली आणि गिऱ्हाइकाला खुर्चीत तसंच सोडून निघाले. तीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. घर वीस मिनिटांवर होतं. पहिली दहा मिनिटं ते भराभर चालले, उरलेलं अंतर ते चक्क पळाले.

बायको यंत्रावर वाकून परकराचा घेर शिवत होती. त्यांनी तिची हनुवटी धरली आणि चेहरा उजेडाकडे वळवला.

"आता आणखी काय रंगवायचं राहिलं?" ती म्हणाली.

"चल."

"कुठं?"

"वर. डॉक्टरीणबाईंकडे."

तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि यंत्राचं चाक हातानं थांबवलं. दोरा तोडला, सुई वर घेतली, परकराची घडी घातली. इतकं सावकाश, की डोळेवाल्यांना ओरडावंसं वाटलं. तिला भीती वाटत होती, आणि ती तिला त्यांच्यासमोर दाखवायची नव्हती.

डॉक्टरीणबाई डोळेवाल्यांच्या निम्म्या वयाच्या, त्यांना काका म्हणणाऱ्या. त्यांनी बायकोच्या डोळ्यात थेंब घातले, अंधार केला, यंत्रावर तिची हनुवटी टेकवली आणि खूप वेळ बघत राहिल्या. मग जेल लावून पापणीवरून दुसरं एक यंत्र फिरवलं. मग दिवा लावला.

"हे कधीपासून आहे, काकू?"

बायकोनं डोळेवाल्यांकडे बोट केलं. "त्यांना विचारा. त्यांनी लिहून ठेवलंय."

डोळेवाल्यांनी कार्ड पुढे केलं. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं. तारखा, मिलिमीटर, कड, बाहुली, शीर. मग त्यांनी डबी मागून घेतली, उघडली आणि डोळा दिव्याखाली धरला.

"काका, हे कुणी केलं?"

"मी."

"इतकी अचूक नोंद माझ्याकडेसुद्धा नसते," त्या म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "प्रत्येक खूण आहे यात. एकही सुटलेली नाही."

आयुष्यभर डोळेवाले अशा शाबासकीची वाट बघत आले होते. आता ती मिळाली, तेव्हा त्यांना तोंड लपवायला त्या खोलीत जागा सापडेना.

डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं. गाठ बुबुळाच्या मागून उगवली होती, ठिपका म्हणजे तिचं नुसतं टोक. सुरुवातीला नजर ठेवता आली असती, वाढताना दिसल्यावर डोळा वाचवून उपचार करता आले असते. आता डोळा वाचत नव्हता. जीव वाचायचा की नाही ते तपासण्यांवरून कळणार होतं, कारण ही गाठ रक्तातून यकृतात जाऊन बसते.

"पहिल्या तारखेला आणलं असतं तर?" डोळेवाल्यांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. हेच उत्तर ते तीस वर्षं लोकांना फुकट देत आले होते.

डॉक्टरीणबाईंनी कार्ड परत त्यांच्या हातात दिलं. बायकोनंच पुढचा प्रश्न विचारला.

"नंतर खोटा डोळा बसवतात ना? तुमच्याकडे कोण करतं? माणूस बरा आहे का?"



तपासण्यांचा निकाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत डोळेवाल्यांनी खोली उघडली नाही. बायको शिवत राहिली, कारण परकर द्यायचा होता, आणि ते तिच्यासमोर स्टुलावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला एकदा म्हटलं, "मला शिव्या दे."

"देईन," ती म्हणाली. "आधी कळू दे, किती दिवस आहेत हातात. त्या हिशेबानं देईन."

मग ती रडली. त्यांनी सुईत दोरा ओवून दिला, दुसरं काही करता येत नव्हतं.

यकृत स्वच्छ निघालं. निदान आजचं तरी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर सहा महिन्यांनी बघत राहावं लागेल. डोळा पुढच्या आठवड्यात काढला. नमुन्याचा डोळा डॉक्टरीणबाईंनी मागून घेतला. शिकाऊ डॉक्टरांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही, म्हणाल्या. निळ्या मखमलीची ती डबी आता वरच्या मजल्यावर त्यांच्या टेबलावर असते. येणारी मुलं तो डोळा हातात घेऊन सगळ्या खुणा ओळीनं म्हणून दाखवतात, आणि बनवणाऱ्याच्या हाताचं कौतुक करतात.

सात आठवड्यांनी बायको जिन्याखालून वाकून खोलीत आली. या वेळी हातात डबा नव्हता. डोळेवाल्यांनी खुर्ची पुसली. ती बसली. त्यांनी तिची हनुवटी डाव्या हातात घेतली, आणि शिल्लक उजव्या डोळ्याकडे बघायला लागले.

तीस वर्षांत ते या खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारत आले होते. आज त्यांनी एकही विचारला नाही. भिंग लावून त्यांनी काठ बघितला, वरून खाली, खालून वर. मधाच्या रंगाचं कडं अजून तसंच होतं, त्यांनी चार दिवस बघून काढलं होतं अगदी तसं. बाहुली गोल होती. ती गोल आहे हे त्यांनी तीनदा मोजलं. रंग पॅलेटवर सुकायला लागले तरी त्यांचं बघणं संपेना.

"मान दुखतेय माझी," ती म्हणाली. "काय शोधताय इतकं?"

"ठिपका."

"आहे?"

"नाही."

त्यांच्या बोटांखाली तिची हनुवटी हलली.

"पुढे कधी सापडला, तर रंगवू नका," ती म्हणाली. "मला सांगा."

डोळेवाल्यांनी हातातला कुंचला खाली ठेवला, भिंग पुसलं, आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला सुरुवात केली.